डाव्या कानाला खाच

४ फेब्रुवारी

भिंगरी,

आजीचा आशीर्वाद, तोही ओल्या हाताचाच घे, कारण हात पुसायला वेळ नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका कोकराच्या तोंडात बाटली धरून बसले होते. पोस्टमनला म्हटलं, तूच फोड आणि वाच. तो म्हणतो, "आजी, दुसऱ्याचं पत्र वाचायची आम्हाला परवानगी नाही." मी म्हटलं, "मग ही बाटली धर, मी वाचते." बाटलीपेक्षा पत्र बरं, असं म्हणून त्याने वाचलं. जनावरांच्या दवाखान्यात तुला कायम केलं, हे वाक्य मी त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळेला तो म्हणाला, "आता मलाच कायम केल्यासारखं वाटतंय." पांढरा कोट घातलेला फोटो पाठव. शेजारणीला दाखवायचाय. तिची सून बँकेत आहे ना, रोज ऐकावं लागतं.

आता माझी बातमी. बावन्न झाली. सेहेचाळीस मेंढ्या आणि बावन्न कोकरं. गोठ्यात पाय ठेवायला जागा नाही, एक उचलावं तर खालून दुसरं निघतं. साहेब नुसता तोऱ्यात फिरतोय. मेंढा आहे म्हणून, नाहीतर पेढे वाटत हिंडला असता. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो कोकरू होता, माझ्या मांडीवर झोपायचा. आता मला ढकलून पाणी पितो.

पापण्यांचं काम मात्र ह्या साली फार निघालं. एकतीस जणांच्या. तुला माहीतच आहे म्हणा, पण तरी सांगते, मला सांगायला आवडतं. खालची पापणी जन्मतःच आत मुडपलेली असते, तिचे केस बुबुळाला घासतात, डोळ्यातून पाणी गळतं, आणि पिल्लू डोळा मिटून भिंतीशी उभं राहतं. त्याला आचळ दिसत नाही. मग मी त्याला मांडीवर घेते, अंगठ्याने पापणी खाली ओढून बाहेर काढते, चिमटीत धरून जरा दाबते. दोन घटकांनी ती पुन्हा आत जाते. पुन्हा काढायची. दिवसातून सहा-सात वेळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम शहाणी होते आणि बाहेरच राहते, आणि ते पिल्लू डोळा उघडून पहिल्यांदा कुणाला बघतं तर मला. ह्याच्यापुढे सगळं फिकं, बघ.

तुझे आजोबा होते तेव्हा वर्षाला दोन-तीन निघायची. आता एकतीस. पण मी आहे ना. अंगठे सुजलेत तेवढे. शेजारीण म्हणते, आजी, अंगठ्यांचा विमा काढा.

पुढच्या वर्षी तू इकडे येशील, कळप तुझ्या हाती देईन, आणि मी खाटेवर बसून चुका काढीन. त्या दिवसासाठी तर एवढं जपलंय. जेवत जा.

आजी


१२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

फोटो सोबत ठेवलाय. कोट दोन मापं मोठा आहे, शेजारणीला सांगू नकोस.

एकतीसचा आकडा वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि परत उचललं. बावन्नात एकतीस म्हणजे फारच झाली. इथले मोठे डॉक्टर म्हणाले की त्यांच्या उभ्या नोकरीत एका कळपात इतकी पाहिली नाहीत.

आधी उपाय. अंगठ्याने ज्यांचं जमत नाही त्यांच्यासाठी थांबून राहू नकोस. खालच्या पापणीच्या कातडीखाली औषधाची छोटी सुई दिली की तिथे फुगवटा येतो आणि पापणी बाहेर वळून राहते. तुमच्या भागातल्या डॉक्टरांना मी फोन केलाय, ते परवा येतील. ज्यांचा डोळा दुधासारखा दिसायला लागला असेल त्यांना आधी दाखव. मलम पाठवतेय, ते दिवसातून तीनदा. घरात जुनी कुठली ट्यूब पडली असेल तर ती लावू नकोस, बुबुळाला जखम असताना चुकीच्या मलमाने डोळा जातो.

आणि मला तीन गोष्टी मोजून कळव. सेहेचाळीस मेंढ्यांपैकी किती जणींच्या डाव्या कानाला खाच आहे. साहेबाच्या कानाला आहे का. आणि आजोबा गेल्यापासून बाहेरून नवा मेंढा आणलास का.

सहज विचारतेय. जपून राहा.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरी,

सहज विचारतेय असं लिहिलंस म्हणजे सहज नाही. तुझ्या आईचीही हीच खोड.

डॉक्टर आला. पोरगेला आहे, पण हात चांगला. नऊ जणांना सुया दिल्या. पापणीखाली फुगा आला की पिल्लू असं दिसतं जसं कुणी थोबाडीत दिलीय. मला हसू येत होतं, तो गंभीर. "आजी, एवढी एकट्याने सांभाळता?" म्हणाला. मी म्हटलं, "अंगठे दोनच असल्यामुळे एकावेळी एकच डोळा होतो, नाहीतर अजून सांभाळली असती."

पण खरं तेच सांगते. सगळ्यांपर्यंत हात पोचला नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिल्याची पापणी आत गेलेली. चार जणांच्या डोळ्यात फूल पडलं, बुबुळ पांढरं झालं. त्यातल्या एकाच्या दोन्ही डोळ्यांत. ते आईच्या आवाजामागे चालायचं, बरं चालायचं. परवा आई पाण्यावर गेली, ते मागून गेलं, आणि सरळ हौदात. मी पलीकडे दुसऱ्याला मलम लावत होते. डुबुक एवढाच आवाज आला. मला वाटलं, आई पाणी पितेय. बाहेर काढलं तेव्हा अंग अजून गरम होतं. असो.

आता तुझे तीन प्रश्न. मोजलं, आणि मोजताना मला इतका आनंद झाला की काय सांगू. सेहेचाळीसपैकी अडतीस. अडतीस जणी खाचेच्या. म्हणजे जवळजवळ अख्खा कळप माझ्या मांडीवरून गेलाय. साहेबाच्या कानालाही आहेच, त्याच्या तर दोन्ही पापण्या होत्या, चार दिवस त्याला पदरात घेऊन बसले होते.

ही खाच कशाची ते तुला आठवत नसेल, लहान होतीस. ज्या कोकराची पापणी काढली त्याच्या डाव्या कानाला तुझे आजोबा चिमट्याने एक खाच पाडायचे. पुढेही ह्याच्याकडे लक्ष राहावं, गर्दीत ओळखू यावं, म्हणून. हे गेले तरी मी ती रीत मोडली नाही, एक साल चुकवलं नाही.

बदल केला तो एकच. हे दर साली पावसाळा सरला की ती खाचेची कोकरं वरच्या कुरणातल्या त्यांच्या मित्राला देऊन टाकायचे. म्हणायचे, तिकडे गवत चांगलं, ह्यांची प्रकृती नाजूक. मला आवडायचं नाही, पण बोलले नाही कधी. हे गेल्यावर मात्र म्हटलं, आपण जागून वाढवायची आणि दुसऱ्याने का न्यायची. तेव्हापासून एकही दिली नाही. विकायची वेळ आली की बिनखाचेची विकते. ती काय, त्यांना माझी ओळख ना देख. हाताखाली वाढलेली घरी ठेवते.

बाहेरचा मेंढा कशाला आणू? घरात साहेब असताना.

मलम मिळालं. वास भयंकर आहे.

आजी


१ मार्च

प्रिय आजी,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

हौदातल्या कोकराचं वाचून वाईट वाटलं. तुझी चूक नाही त्यात. एका माणसाचं काम नव्हतं ते.

खाच कशाची ते मला आठवतं. मी नऊ वर्षांची होते. गोठ्यामागे लाकडं फोडायचा ओंडका होता, त्याच्यावर मी कोकराला धरायचे आणि आजोबा चिमटा लावायचे. मी विचारलं, खाच कशाला? ते म्हणाले, "पापणीचा हा दोष रक्तातून येतो. आईकडून, बापाकडून. डोळा बरा होतो, रक्त बरं होत नाही. खाच असलेल्याची पिल्लं घ्यायची नाहीत, हे विसरू नये म्हणून." मी म्हटलं, मग ह्यांचं काय करायचं? त्यांनी पुढचं कोकरू आणायला सांगितलं. पावसाळा सरल्यावर गाडी आली तेव्हा मला कळलं. ती खाटकाची गाडी होती. वरचं कुरण नव्हतं, आजी. मित्रही नव्हता.

त्यांनी मला सांगितलं, "आजीला बोलू नकोस. तिने चार-चार दिवस अंगठे झिजवलेत त्यांच्यासाठी. तिला सोसायचं नाही." मी शब्द दिला. ते गेल्यावर मला एकदाही वाटलं नाही की हे तुला सांगायला हवं. मी शहरात शिकत होते, हेच पुस्तकात वाचत होते, ह्याच्यावर परीक्षा दिली, त्यात मार्क मिळवले. आणि तू तिकडे दर साली नेमकी तीच निवडून ठेवत होतीस आणि चांगली विकत होतीस.

आता बापही खाचेचा आणि आयाही खाचेच्या. म्हणून एकतीस. पुढच्या साली चाळीस होतील. तू म्हणशील, मी पापण्या काढीन. पण ह्या साली चार कोकरांपर्यंत हात पोचला नाही. पुढच्या साली वीस कोकरांपर्यंत पोचणार नाही.

ह्या कळपाची पिल्लं आता घेता येणार नाहीत. साहेबाचीही नाहीत, त्या अडतीस जणींचीही नाहीत. आणि पिल्लं नसलेल्या अडतीस मेंढ्या तू कशावर पोसणार?

मला माफ कर.

भिंगरी


८ मार्च

पत्र मिळालं.

सहा साल मी ती कोकरं त्यांच्या नाकावर टिच्चून घरी ठेवली असं मला वाटत होतं. ते बिचारे वर असतील तर कपाळाला हात लावून बसले असतील.

मला सांगितलं असतं तर मी रडले असते. रडून झालं असतं, मग भांडी घासायला घेतली असती. एवढंच झालं असतं. त्याच्यापायी तुम्ही दोघांनी मिळून अठरा साल मला कुरणाची गोष्ट सांगितली. तो माणूस गाडी वळणावरून जाईपर्यंत माझ्या शेजारी उभा राहून मला हात हलवायला लावायचा.

मलम संपत आलंय.

आजी


२ एप्रिल

प्रिय आजी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मलम पाठवलं ते मिळालं का? तुमच्याकडच्या डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, आजी बऱ्या आहेत, पण पूर्वीसारख्या बोलत नाहीत. अजूनही सगळ्या कोकरांच्या पापण्या रोज बघतात, असंही म्हणाले.

मी काही मागायला लिहीत नाही. फक्त कामाचं लिहिते. आठ मेंढ्या बिनखाचेच्या आहेत. त्यांची ह्या सालची पिल्लं मी डॉक्टरांना तपासायला सांगितली, त्यातली पाच मादी कोकरं चांगली आहेत; बाप साहेब आहे म्हणून थोडा धोका आहे, पण तेवढा घ्यावा लागेल. त्यांना बाहेरचा, पापणी नीट असलेला मेंढा मिळाला तर चार-पाच सालांत पुन्हा कळप उभा राहील. बाकीची कोकरं दूध सोडून गवतावर आली की, म्हणजे मेअखेर, व्यापाऱ्याला देता येतील. मग आठवड्याने अडतीस जणी आणि साहेब.

मी रजा काढून येते. तू त्या दिवशी सकाळीच शेजारणीकडे जाऊन बस, वाटलं तर दोन दिवस राहा. मी सगळं करून टाकीन. तू परत येशील तोवर गोठा झाडून ठेवलेला असेल. तुला काही बघायला लागणार नाही.

भिंगरी


११ एप्रिल

भिंगरी,

"तुला काही बघायला लागणार नाही." अगदी आजोबांच्या वळणावर गेलीस. रक्तातून येतं ते असं.

रजा काढू नकोस. माझा कळप आहे, मी बघते.

तो पोरगा डॉक्टर चुगल्या करतो वाटतं. हो, बघते पापण्या रोज. जायचंय म्हणून डोळा दुखायचा थांबत नाही. मलम मिळालं.

आजी


३ जून

भिंगरी,

झालं. तुला सगळं सांगते, काही गाळत नाही. तूही वाचताना गाळू नकोस.

कोकरं मागच्या सोमवारी गेली. व्यापारी दोन माणसं घेऊन आला होता, त्यांनी काखेत एक-एक धरून वर टाकली, अर्ध्या तासात काम झालं. तो म्हणाला, "आजी, माल छान आहे, डोळे कसे लख्ख." मी म्हटलं, हो. एकतीसपैकी तीसच दिली, एक हौदात गेलं ते तुला लिहिलंच होतं. डोळ्यात फूल पडलेली तिघं मी स्वतः हातात दिली, कारण त्यांना त्या बाजूने उचलायला आलेलं दिसत नाही, घाबरतात. पापणी नीट असलेली बाकीची तर धट्टीकट्टी होती, पण बाप साहेब, आया खाचेच्या, म्हणून तीही गेली.

मग आया ओरडायला लागल्या. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आवाज बसले त्यांचे, तोंड उघडायच्या आणि नुसती हवा यायची. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "आमच्याकडे या ना झोपायला." मी म्हटलं, "मी तिकडे झोपले तर ह्यांचं ऐकणार कोण?" तिला ते वेडेपणाचं वाटलं असेल. चहा मात्र रोज आणून दिला तिने, कुंपणावरून. सुनेचा विषय नाही काढला.

काल ट्रक आला. खाटकाचाच. ह्या वेळी सोबत आलेल्या खाटकाला मी आधी विचारून घेतलं, कुठे नेणार, कसं करणार, किती वेळ लागतो. त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि मग सगळं नीट सांगितलं. बरा माणूस आहे. म्हणाला, "मालक होते तेव्हा माझे वडील यायचे. मालक कधी विचारायचे नाहीत. तोंड फिरवून उभे राहायचे."

हे मला माहीत नव्हतं, भिंगरी. मी हात हलवत असायचे तेव्हा ते कुठे बघायचे हे मी कधी बघितलंच नाही.

ड्रायव्हरने मागे फळी लावली आणि काठी काढली. मी म्हटलं, काठी ठेव. त्याला वाटलं, म्हातारी आता रडारड करणार. मी चाऱ्याचा डबा घेतला होता, तो वाजवला की त्या येतात. पण मग डबाही खाली ठेवला. खायला आहे असं सांगून न्यायचं आणि आत काही नाही, हे मला जमेना. नुसतीच फळीवर चढले. गुडघ्यांनी थोडी कुरकुर केली. वर जाऊन उभी राहिले आणि मागे बघितलं, तर अडतीसच्या अडतीस येत होत्या. ढकलाढकली नाही, काही नाही, एकीमागे एक. सगळ्यांत शेवटी साहेब. ड्रायव्हर म्हणाला, "बावीस वर्षं गाडी चालवतोय, असं भरताना कधी बघितलं नाही." तो कौतुकानेच म्हणाला.

आत अंधार होता आणि खूप ऊब. त्या माझ्याभोवती उभ्या राहिल्या, डोकी लावून. मी एकेकीची पापणी बघितली. अंगठ्याची सवय, काय करू. सगळ्यांच्या बाहेर होत्या, नीट. एकीचीही आत नव्हती. काम चोख केलं होतं मी, भिंगरी. तेवढं मला कुणी नाकारू नये.

ड्रायव्हर खाली उभा होता. बराच वेळ थांबला बिचारा. मग म्हणाला, "आजी, उतरा आता. दार लावायचंय."

मी फळीकडे वळले तर त्या सगळ्या वळल्या. मी एक पाय फळीवर टाकला तर पहिली माझ्या आधी उतरायला लागली. पुन्हा वर नेल्या. पुन्हा उतरले, पुन्हा मागे. तीनदा असं झालं. मी कपाळं धरून ढकलायला गेले तर त्यांना वाटलं, मी लाड करतेय.

शेवटी त्याने मी आत असतानाच मागचं दार लावलं. मग बाजूच्या फळकुटावर चढला, मला काखेत धरून वरून बाहेर काढलं आणि पोतं उतरवतात तसं खाली ठेवलं. मी हात हलवला नाही. वळणापर्यंत बघत मात्र उभी राहिले.

गोठा मीच झाडला. आठ मेंढ्या आणि पाच कोकरं राहिलीत. लांब-लांब उभी असतात, मला ओळखत नाहीत अजून.

मेंढा तू बघून आण. त्याच्या पापण्या बघ, त्याच्या आईच्या बघ, बापाच्या मिळाल्या तर त्याही बघ. आणि जे दिसेल ते मला सांग, चांगलं असो, वाईट असो.

आजी